चार मोजेपर्यंत

"थांबा!" नवसू ओरडला. "हितं चार मोजायचं. मनात मोजा, तोंडानं नाय."

मंडळी थांबली. वैशाखऱ्याच्या वाडीतलं प्रार्थनाघर म्हणजे पत्र्याची एक खोली, सतरा माणसं आणि एक ढोलकी. चार मोजून झाले, ढोलकी कडाडली आणि गाणं पुढं सुटलं.

या मंडळीला गाणी पुरवायचा नवसू. दर शनिवारी एसटीनं मुरबाडला जायचं, साईनाथच्या कॅफेत बसायचं आणि इंटरनेटवर प्रभूचं नवीन गाणं हुडकायचं, हा त्याचा नेम. गाणं मनात भरलं की बटणांचा मोबाइल स्पीकरला टेकवायचा आणि रेकॉर्ड करून आणायचा. रविवारी उपासनेत सगळ्यांना ऐकवायचं. संध्याकाळपर्यंत ब्लूटूथनं ते वाडीभर झालेलं असायचं. फक्त गाणं लागलं रे लागलं की नवसूचे डोळे मिटायचे. "परार्थना नि झोप, दोनी एकदम उरकतो," असं त्याची बायको रंभा म्हणायची.

यंदा नाताळासाठी धरलेलं गाणं पुण्याकडच्या कुणा ताईचं होतं. "दार उघडून—" म्हणता म्हणता ताई मध्येच थांबायची. चार मोजेपर्यंत नुसती शांतता. आणि मग, "—बसले मी, वाट तुझी पाहते!" वा रे वा! अंगावर काटा यायचा. असं थांबणं सुचायला डोकं लागतं, असं नवसूचं ठाम मत होतं.

अडचण एकच होती, जनाबाई. सत्तरीची म्हातारी, उभ्या जन्मात चार मोजेपर्यंत तोंड मिटलेलं नाही. गाणं थांबलं की तिचा आवाज यायचाच, "ये रे बाबा."

"आजी, तिथं गप ऱ्हायचं गो!"

"पाव्हण्याला दार उघडायचं नि 'ये' म्हणायचं नाय? आपल्यात असं असतं काय रे?"

कपाळाला हात लावून नवसूनं पुढची ओळ धरली.

त्याचा जीव टांगणीला लागला होता तो वाशिंदच्या नाताळ मेळाव्यापायी. गेल्या साली त्याची मंडळी जुनंपानं गाणं घेऊन उभी राहिली, तेवढ्यात कोणी तरी "जेवण तयार आहे" पुकारलं आणि अर्धा मांडव पंगतीकडं पळाला. नवसूच्या ते फार जिव्हारी लागलं होतं. औंदा मांडवातून एक माणूस हलता कामा नये, एवढंच त्याला हवं होतं.

आणि हललं नाही कोणी! "दार उघडून—" म्हणून सतरा माणसं एकदम थांबली तसा सगळा मांडव गप्प झाला. मागं भाताचा झारा वाजत होता, तोही थांबला. मागच्या रांगेत पुण्याकडून आलेला कोणी पाहुणा मोबाइल उंच धरून व्हिडिओ काढत उभा होता. त्या शांततेत जनाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "ये रे बाबा."

टाळ्या थांबेनात. नवसूला आनंदानं काय करावं कळेना, त्यानं ढोलकीवाल्यालाच मिठी मारली.

तेवढ्यात वाशिंदचा कीबोर्डवाला आदेश हसत आला. "नवसूदादा, गाणं भारी! पण मधेच ब्रेक कशाला मारला? मी ऐकलंय ते, सलग आहे. तुमच्या कॅफेचं नेट अडकलं असेल रे, बफरिंग!"

आजूबाजूचे खो खो हसले. हसतील नाही तर काय! नेट अडकलं होतं आणि सतरा माणसं दोन महिने त्या अडकण्याची तालीम करत होती. रंभालाही हसू फुटलं, पण नवऱ्याचं तोंड बघून तिनं ते पदरात दाबलं.

त्यानंतर नवसू मुरबाडला गेला नाही. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. मंडळी जुनीच गाणी म्हणत राहिली. शेवटी एका शनिवारी तो उठला. "खरं गाणं आणतो. सलग. नि उद्यापासून सगळ्यांनी तसंच म्हणायचं."

"नि आजीनं?" रंभानं विचारलं.

जनाबाई ओट्यावर वाल निवडत बसली होती. "आण बाबा," ती म्हणाली. "पण अडकायचं ते बरं होतं. तेवढ्यात त्याच्याशी दोन शबुद बोलून व्हायचं."

नवसूला भरून आलं. तरी तो गेला. एकदा हसं झालं तेवढं पुरे होतं.

"साईनाथ, तेच गाणं लाव. नि आज मधे अडकलं ना, तर बघ!"

"आज लाइन फास्ट हाय, दादा. ताईनं तेच गाणं परत गायलंय, मंडळी घेऊन. चारच दिवस झाले टाकून. ते लावू?"

नवसूनं मान डोलावली, मोबाइल स्पीकरला टेकवला आणि डोळे मिटले.

"दार उघडून—"

आणि आवाज बंद.

"झाली का परत पंचाईत!" नवसूनं टेबलावर हात आपटला. "अडकलं तुझं नेट!"

"कुठं अडकलंय? डोळे तर उघड," साईनाथ म्हणाला. "सेकंद पळतायत बघ."

नवसूनं डोळे उघडले. आकडे खरंच पळत होते. पडद्यावर ताई मंडळीसह हात जोडून उभी होती, आणि ढोलकी सुरू व्हायच्या आधी, अगदी हळू, ती म्हणाली, "ये रे बाबा."