फणसाची डोकी

गुरुदासने केलेल्या कागदी डोक्यावर दाजीने पाय ठेवला आणि भार दिला. रावणाचं तोंड आधी वाकडं झालं, मग मधोमध फुटलं.

"बघ," दाजी म्हणाला. "माझ्या पायाक टिकूक नाय. जत्रेत काय टिकतलां?"

"जत्रेत तुझो पाय पडाचो नाय, दाजी."

"लोकांचे डोळे पडतले मां." दाजीने खळीच्या भांड्याकडे बोट केलं. "कागद चिकटवत ओटीवर बसलंस. बायलांचां काम ह्यां. त्यापरास भाकऱ्यो भाज, मेल्या."

तो गेल्यावर गुरुदासने फुटलेला कागद पुन्हा भिजत घातला.

असलं काम त्याने कधी केलं नव्हतं. मडकं पालथं घालायचं, त्यावर चिंचोक्याच्या खळीने रद्दी चिकटवायची, सुकली की मडकं सोडवायचं. नाकाला चिंध्या, मिशीला काथ्या. पहिल्या डोक्याला बुरशी आली. दुसऱ्याचं नाक सुकता सुकता आत गेलं.

पण करणं भाग होतं. भाईच्या दशावतारी मंडळीत रावण आजवर दाजीचाच होता. गेल्या मोसमात तो भर प्रवेशात गप्प झाला आणि समोर बसलेल्या बायकांमध्ये कुणाला तरी शोधत उभा राहिला. त्याची बायको कृष्णाबाई नुकतीच गेली होती. भाईने पुढच्या जत्रेचा रावण गुरुदासला दिला. दाजीने सोंग सोडलं, पण डोकी सोडली नाहीत.

फणसाच्या लाकडाची नऊ डोकी, असं दाजी सांगे. ती दाजीच्या पेटाऱ्यात असत आणि त्या पेटाऱ्याला तो कुणाला हात लावू देत नसे. गावोगाव चालत जाताना एक कडी तो धरी, दुसरी हिरव्या लुगड्यातली कृष्णाबाई. चढणीवर दोघं थांबून दम खात. ती गेल्यावर मदतीला आलेल्यांना दाजीने शिव्या घातल्या आणि पेटारा एकट्याने डोक्यावर घेऊन कण्हत चालू लागला. त्या कण्हण्याने तरण्या गड्यांना लाज वाटे. डोकी लावून रंगावर, म्हणजे मंचावर, उभा राहिला की त्याच्या मानेच्या शिरा दोरखंडासारख्या फुगत.

गुरुदास एकदा त्याच्या घरी गेला.

"डोकी नको देव. माप तरी घेवक दी."

दाजी दारात आडवा उभा राहिला. अंगणातल्या मांडवावर भोपळ्याचा वेल वाळून काळा पडला होता. घर झाडलेलं दिसत नव्हतं.

"माप तुझ्या मानेचां घे," दाजी म्हणाला. "काडी ती. माझ्या डोक्यांखाली मोडान जायत."

देवळासमोर तालीम झाली. चार डोकी एका बाजूला, पाच दुसऱ्या. गुरुदासच्या अंगावर त्यांचा भार कळतही नव्हता. तो खूश होऊन गरजला. तेवढ्यात समुद्रावरून वारा आला आणि डोकी बांबूच्या कामटीवर गरगरली. एक तर पाठीकडे तोंड करूनच बसलं.

"रावण मागे कित्याक बघता?" दाजी पारावरून म्हणाला. "मंदोदरी पळाली काय रे?"

लोक हसले. गुरुदासचे कान तापले.

भाईने डोकं सरळ केलं. "दाजी, तुझ्या वेळेक समुद्राच्या अंगाक पडदो बांधूक लावायचंस. तो खंय आसा?"

"तो बत्ती विझा नये म्हणान. फणसाक वारो काय करतलो?" दाजी उठला. "पडदो माझो आसा. गावाचो नाय."

गुरुदासने डोकी दुहेरी सुतळीने आवळली. पुन्हा रंगवली. बेगडाचे मुकुट चढवले.

जत्रेच्या संध्याकाळी ती देवळाच्या तळीत सापडली. रंग पाण्यावर पसरला होता. गुरुदासने एक उचललं तर हातात लगदा आला.

दाजी रंगामागे आपल्या पेटाऱ्यावर बसला होता. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. गुरुदासने त्याच्या खांद्यावरचं उपरणं धरलं आणि पिळलं.

"तू केलंस."

"मी केलंय. ह्या रंगार माझ्या डोक्यांबगर रावण उभो रवाचो नाय."

"मग दी तुझी डोकी."

"मान मोडात."

"मोडली तर मोडली," भाई म्हणाला. बाहेर पखवाज सुरू झाला होता. "दाजी, ऊठ."

दाजी उठला नाही. भाईने आणि पखवाजवाल्याच्या भावाने त्याला काखेत धरून बाजूला ओढलं. दाजी लाथा झाडत होता. "हात लावू नको तेका. गुरग्या, तुझो सत्यानास होतलो. हात लावू नको."

मंडळी गोळा झाली. गुरुदास पेटाऱ्यापुढे उकिडवा बसला. दोन्ही कड्या धरल्या. दात आवळले. कंबर ताठ केली आणि अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून पेटारा उचलला.

पेटारा रिकाम्या टोपलीसारखा वर आला आणि तो पेटाऱ्यासकट उताणा पडला.

झाकण उघडलं. नऊ डोकी खुळखुळ्यांसारखी वाजत जमिनीवर कलंडली. हिरव्या लुगड्याच्या पट्ट्यांनी ती एका कामटीला शिवलेली होती. एक सुटून पायरीवर आपटलं आणि उकललं. आतून भोपळ्याच्या सुक्या बिया सांडल्या.

कुणी हसलं नाही. भाईचा हात सुटला तसा दाजी खाली बसला आणि लोकांच्या पायांमधून एकेक बी वेचू लागला.