हालचाल शून्य

चौथ्या ट्रेमधली माशांची पिल्लं सकाळपासून हलली नव्हती. कॅमेऱ्याच्या तक्त्यात ओळीने शून्यं पडत होती. मासा मिनिटभर हलला नाही की तो झोपला, असं प्रयोगशाळेत धरत. बावीस वर्षं मासे सांभाळणाऱ्या बाईला ते पाठच होतं.

"नवं औषध लागू पडलं म्हणायचं, साहेब."

"दिसतंय तरी तसं. पण एवढ्यात हुरळायचं नाही."

आयुष्यात तिने तिथली टाचणीसुद्धा उचलली नव्हती. त्या दुपारी औषधाची बाटली धुताना तळाचे थेंब तिने कुपीत घेतले.

मुलाचं जहाज बेपत्ता झाल्यापासून, दोन महिने, नवरा जागा होता. "तुझ्या माशांचं बरं आहे," तो म्हणायचा. "मलाही सोड एकदा टाकीत." डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन बजावलं होतं, हृदय पार थकलंय, आधी झोप, तोवर कुठलाही धक्का नको. आणि जहाज कंपनीचं पत्र तर आठवड्यापूर्वीच आलं होतं. ते तिने कपाटात कपड्यांखाली सारलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चहातून थेंब दिले. घटकाभरात तो खुर्चीतच शांत झाला. डोळे मिटलेले, श्वास संथ. तिने हाक मारली, खांदा हलवला. काही नाही. तिचा जीव भांड्यात पडला.

नणंद आली ती दारातच थबकली. "वहिनी, दादा झोपला?"

"झोपले एकदाचे. बसा वन्सं, बोलायचंय."

"आत जाऊ या का?"

"कशाला? नगारे वाजवले तरी उठायचे नाहीत."

खुर्चीशेजारीच बसून तिने सगळं सांगितलं. मुलाचा देह सापडला होता. हातातल्या घड्याळावरून ओळख पटली होती. दोघी पोटभर रडल्या. नवऱ्याच्या डोळ्याच्या कडेला पाणी आलं होतं, तेही तिने पुसलं. इतक्या जागरणाने डोळे जळायचेच.

"दादाला कधी सांगणार?"

"झोप भरून निघू दे. मग सांगेन, हळूहळू."

नणंदेला तिथे बसवून ती दुपारी कामावर गेली. साहेब सूक्ष्मदर्शकापाशी चेहरा पाडून बसले होते.

"काय झालं साहेब? मेले की काय?"

"मेले असते तर सुटले असते. या पिल्लांचा मेंदू जागेपणी उजळतो, कातडीतून दिसतो. बघा."

तिने डोळा लावला. आत लख्ख उजेड होता.

"औषधाने नुसतं अंग लुळं पडतं. झोपलेला एकही नाही." साहेबांनी काचेवर बोटाने टकटक केली. "बघा, प्रत्येक आवाज ऐकू जातोय त्यांना."