मुहूर्ताची फिल्म

हाडं

नावावर चिकटपट्टी लावलेली एक्स-रे फिल्म डॉ. अण्णासाहेबांनी स्वतः व्ह्यू बॉक्सवर चढवली आणि मागचा दिवा लावला. एक छाती उजळली. ती त्यांचीच होती. खोलीत हे त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

चिंचवडच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात दर शनिवारी दुपारी अशी एक फिल्म लागे. नाव झाकायचं, कुणाला तरी उभं करायचं, सगळ्यांसमोर वाचायला लावायचं. ही पद्धत अण्णासाहेबांनीच घातलेली. ते इथले प्रमुख.

आज उभा भीमराज ओव्हाळ. दापोडीचा. त्यांचाच विद्यार्थी, आता छातीच्या विभागात डॉक्टर. फाउंड्रीतल्या धुळीवरचा त्याचा लेख परदेशात छापून आला होता. धुळीच्या आजारांवर संशोधनाचा नवा विभाग निघणार होता आणि त्याचा प्रमुख कोण, हे सोमवारी विश्वस्त ठरवणार होते. हा विभाग वर्षानुवर्षं मागितला तो अण्णासाहेबांनी. विश्वस्तांच्या तोंडी नाव ओव्हाळचं.

शिवाय खुर्च्या. निवासी डॉक्टरांच्या खुर्च्या पूर्वी अण्णासाहेबांच्या टेबलाकडे तोंड करून असत. हल्ली त्या जराशा भीमराजकडे वळलेल्या असत. शिपाई सरळ करून ठेवी. त्या पुन्हा वळत.

म्हणून ही फिल्म. नवं मशीन आलं तेव्हा नारळ फुटला, हळदकुंकू वाहिलं आणि पहिला मान म्हणून अण्णासाहेब छाती टेकवून उभे राहिले. मुहूर्ताची फिल्म कुणी वाचत नसतं. त्यांनीही ती ओली असतानाच वर धरली होती आणि म्हणाले होते, झकास आली. निरोगी छाती. ज्याला जिथे तिथे धूळच दिसते तो भीमराज हिच्यातही धूळ काढणार. मग पट्टी सोलायची. सगळ्यांदेखत.

"चल, भीमराज. परदेशात काय छापून आलं ते वाचलं आम्ही. आता ही आमची देशी फिल्म वाच. फाउंड्रीतला कामगार आहे."

हशा.

भीमराजनं हात पाठीमागे बांधले. फिल्मला बोट लावायचं नाही, रोग शोधायची घाई करायची नाही. आधी हाडं, मग हृदय, शेवटी फुफ्फुसं. अण्णासाहेबांनीच शिकवलेलं.

"खांदे ठीक. बरगड्या..." तो पुढे झुकला. "डावी सातवी. जुनी मोडलेली, जुळलेली."

आणि थांबला.

"काय रे? हाडातही धूळ सापडली का?"

पुन्हा हशा. निवासी डॉक्टर पद्मा तर तोंडाला रुमाल लावून हसली.

"नाही सर."

कधी काळी दापोडीच्या पुलावर अण्णासाहेबांची स्कूटर घसरली होती. त्या बरगडीवर पट्ट्या आवळल्या होत्या त्या भीमराजनं, हाउसमन म्हणजे शिकाऊ डॉक्टर असताना. अण्णासाहेब बरगडी विसरले होते. त्यांनी नाव तेवढं झाकलं होतं.

हृदय

"आकार ठीक," भीमराज म्हणाला. आणखी काही नाही.

फुफ्फुसं

इथे तो बराच वेळ उभा राहिला. बाहेर कंपनीचा भोंगा झाला, शिफ्ट सुटली, सायकलींच्या घंटा रस्त्यानं निघून गेल्या. तो उभाच. अण्णासाहेबांचं नख पट्टीच्या कडेखाली शिरलं होतं. धूळ म्हण. म्हण.

"मला नाही वाचता येत, सर. तुम्ही वाचा."

खुर्च्या करकरल्या. वळल्या. सगळ्या अण्णासाहेबांकडे.

"सरच वाचू शकतात," मागून नंदकिशोर म्हणाला. तोही निवासी डॉक्टर. गेले कित्येक महिने तो भीमराजच्या मागे मागे वॉर्डात हिंडत होता.

अण्णासाहेबांनी पट्टी सोडली. सोलायची गरजच उरली नव्हती. हात मागे न बांधता त्यांनी बोट उचललं.

"बघा. निरोगी छाती ओळखायलाही शिकावं लागतं. हे इथे..."

बोट डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली गेलं आणि तिथेच राहिलं. बोटाशी डाग होता. नाण्याएवढा, वेड्यावाकड्या कडांचा. अशा कडांचा अर्थ कॅन्सर, हे त्यांनी कितीतरी बॅचना सांगितलं होतं.

पेनं उघडी. माना वर. खुर्च्या वळलेल्या.

भीमराज जमिनीकडे पाहत होता.

"नॉर्मल," अण्णासाहेब म्हणाले. बोट त्यांनी डागावरच दाबून ठेवलं.

सगळ्यांनी लिहून घेतलं. भीमराजनं नाही.

पुन्हा हाडं

सगळे चहाला गेले. जाताना पद्मा म्हणाली, "आज मजा आली, सर."

अण्णासाहेबांचं बोट अजून फिल्मवर. भीमराज पलीकडे उभा. दिवा कुणीच मालवला नाही.

"तुला दिसलं होतं."

"हो सर."

"माझ्याआधी."

"डाग शेवटी दिसला, सर. तुम्ही आधी दिसलात."

अण्णासाहेबांनी खुर्च्यांकडे पाहिलं. त्या अजून त्यांच्याकडेच तोंड करून होत्या. रिकाम्या. ते पाहतच राहिले, जणू एखादी परत फिरते की काय.

मग त्यांनी बोट काढलं. फिल्मवर ठसा उमटला होता. ते बाजूला झाले आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"वाच," ते म्हणाले. "पण आधी हाडं."