कानसेनांची पैज

खांद्यावर हात पडला तसे कानसेन एवढे दचकले, की हातातला पाना इंजिनच्या खाचेत जाऊन पडला.

"अगं, जीव घेशील माझा! मांजराच्या पावलांनी येतेस की काय?"

मुलगी हसली नाही. फाटकातून आणलेली तिची गाडी त्यांच्या पाठीमागे चार पावलांवर उभी होती. "सायलेन्सरच्या पाइपला भोक पडलंय, बाबा. आमच्या गल्लीतले म्हातारे काठ्या उगारतात माझ्यावर."

"हात्तिच्या! एवढंच ना?"

गेली चाळीस वर्षं ते बॉनेट उघडण्याआधीच गाडीचं दुखणं नुसतं ऐकून सांगत आले होते. म्हणून तर सगळे त्यांना कानसेन म्हणायचे. गाडीला वायरी जोडून पडद्यावर रोग शोधणारे नवे मेकॅनिक पाहिले की त्यांना हसू आवरत नसे.

मुलगी त्यांच्या समोर येऊन उभी राहिली. "आई म्हणते, गॅरेज बंद करा आता. गेल्या महिन्यात तीन गाड्या परत आल्या."

"रस्ते बघितलेस ना कसले आहेत? गाड्या सोड, माणसं खिळखिळी होतील."

"दादाही तेच म्हणतो."

"तुझ्या दादाला अजून स्टेपनी बदलता येत नाही. तो मला शिकवणार?" कानसेनांचा पारा चढला. गॅरेज बंद करून करायचं काय, घरी बसून शेंगा सोलायच्या? "हे बघ. हे भोक मी बुजवतो. त्यानंतर जराशी जरी फटफट राहिली, तर उद्या माझ्या हातानं कुलूप लावीन. नाही राहिली, तर हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही. बोल!"

"कबूल," ती म्हणाली.

पाइप निवल्यावर त्यांनी गाडी जॅकवर उचलली, खाली आधाराला लोखंडी घोड्या लावल्या आणि सत्तरी ओलांडलेलं अंग सरपटत आत घातलं. भोक हरभऱ्याएवढं होतं. तारेच्या ब्रशनं त्यांनी भोवतालचा गंज खरवडला, पॉलिश पेपर मारला, चिंधीनं पुसून घेतलं. ऑइलच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून पाइपच्या गोलाईवर वाकवला. आचेला टिकणारी पुट्टी भरली, वर पत्रा बसवला आणि दोन्ही बाजूंनी पट्ट्या आवळल्या. हात एकदाही थरथरला नाही.

"बाबा, पाठ दुखतेय का?" मुलीनं वाकून विचारलं. मग जरा मोठ्यानं पुन्हा विचारलं.

उत्तर आलं नाही. हातात काम असताना कानसेन कुणाशी बोलत नसत, ही त्यांची शिस्त सगळ्यांना ठाऊक होती.

पुट्टी वाळेपर्यंत दोघांनी चहा घेतला. मग गाडी खाली उतरवून कानसेन हात पुसत तिच्या मागे जाऊन उभे राहिले.

"पाइपला हात लावून बघणार नाही?" मुलीनं विचारलं.

"कान असताना हात कशाला? बस आत आणि कर सुरू."

ती स्टिअरिंगवर बसली. कानसेनांनी हाताची घडी घातली, डोळे मिटले, मान किंचित कलती केली. गवयाची तान ऐकावी तसे ते चांगली दोन मिनिटं उभे होते. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"वा! लोण्यासारखी चाललीय!" ते ओरडले. "आहे का कुठं फटफट? हरलीस की नाही? जा, सांग तुझ्या आईला!"

आरशात त्यांचा फुललेला चेहरा बघून मुलीला रडू फुटलं. तिनं अजून किल्ली फिरवलीच नव्हती.