विरळणीचा हात

गंगापूर रोडवरच्या गेमिंग झोनमध्ये ग्राहकांना खेळ करून दाखवायला माणूस हवा होता. पेठ तालुक्यातल्या खेड्यातून आलेल्या स्नेहलचा अर्ज मालक सोमनाथने दोन बोटांत धरला.

"शेतात नागली लावण्याइतकं सोपं नाही हे," असं म्हणत त्याने तिच्या डोळ्यांवर हेडसेट चढवला.

ती थेट अंतराळयानात उभी राहिली. समोर परग्रहावरच्या अंड्यांचा दाट घोस लटकत होता. हातातला कंट्रोलर हलेल तशी कात्री हलायची. किडकी अंडी तेवढी कापायची. चांगल्या अंड्याला धक्का लागला की यान फुटायचं. गेला महिनाभर सोमनाथचं यान इथेच फुटत होतं.

स्नेहलचं मनगट जेमतेम हललं. चार मिनिटांत घोस मोकळा झाला.

"कुठे शिकलीस हे?"

"पिंपळगावला, द्राक्षांच्या विरळणीवर. चार हंगाम घडातले जादा मणी कापलेत."

सोमनाथ ओशाळला नाही. "उद्यापासून ये. पण ग्राहकांसमोर बागेचं नाव काढायचं नाही. पुण्यात शिकले म्हणून सांगायचं."

"बरं." स्नेहलने हेडसेट काढून त्याच्या हातात ठेवला. "आणि तुम्हाला जमत नव्हतं, तेही सांगायचं नाही ना, सर?"