घोड्याची पावलं

मुक्कामाला पोचताच ठकूबाईने घोड्यावरच्या झोळीतून कोकरू काढून जमिनीवर ठेवलं. त्याचे मागचे पाय लटपटले आणि ते खाली बसलं. दुसरं ठेवलं, तेही बसलं.

"मणी बिघडला काय रं?" तिने मुलाला, बिरूला विचारलं.

कानात बसवलेला मणी कोकराची हालचाल मोजायचा आणि स्नायू झिजू नयेत म्हणून लागेल तेवढं ई जीवनसत्त्व रक्तात सोडायचा. वाळल्या चाऱ्याच्या दिवसांत सगळी भिस्त त्याच्यावरच होती.

बिरूने फोन पाहिला. "मणी चांगलाय. कोकरं रोज चौदा किलोमीटर चालत्यात म्हणतोय. पाय दणकट झालं, म्हणून औषध थांबवलंय त्यानं."

"चालत्यात? जन्मल्यापासनं झोळीतच हायत की!"

धनगरांची कोकरं घोड्यावरून प्रवास करतात, हे मणी बनवणाऱ्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

ठकूबाई घाईघाईने बाकीची कोकरं उतरवू लागली. तिसऱ्यालाच तिचा हात थांबला. झोळीच्या वर तिची दोन वर्षांची नात पाय लोंबत सोडून बसली होती. यंदा पोरांच्याही दंडात तोच मणी बसवला होता.

"तानूबाय," ठकूबाईने हात पुढे केले, "उतर गं खाली. जरा चालून दाव मला."