निरांजनाभोवतीचं इंद्रधनुष्य

सातपूरच्या चाळीत दिवेलागणीला कुसाबाईने निरांजन लावलं, की तिला ज्योतीभोवती इंद्रधनुष्याचं कडं दिसायचं. "देवीचं देणं हाय," म्हणत शेजारच्या बाया तिच्या पाया पडायच्या आणि धाकटी जाऊ बायडाबाई आतल्या आत जळायची. देव्हारा दोघींचा एकच, उपास हिचे दोन जास्तच, तरी हिला मेली नुसती वात दिसायची. शेवटी ब्याऐंशीच्या नवरात्रात ती वणीच्या देवीला गुपचूप नवस बोलली, "आई, मलाबी कडं दिसू दे. गडावर येऊन साडीचोळी वाहीन."

वर्षभराने कुसाबाईचे डोळे ठणकायला लागले, म्हणून बायडाबाई तिला नेत्रशिबिरात घेऊन गेली.

"मावशी, हा काचबिंदू आहे," डॉक्टर म्हणाले. "दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं ते त्यामुळेच. उपचार केले की कडं दिसायचं थांबेल. अंगावर काढलं असतंत, तर नजरच गेली असती."

मग त्यांनी बायडाबाईकडे पाहिलं. "घरात आणखी कुणाला दिसतं का असं?"

"नाय," बायडाबाई म्हणाली.

 

आदल्याच मंगळवारी ती गडावर साडीचोळी वाहून आली होती.